कारण न विचारायचा रकाना

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन केला, "सर, या वर्षी डब्याच्या तासाचे गमतीदार किस्से लिहा. लोकांना आवडतात." किस्से आहेत, दोन-तीन लिहितोही. पण अठ्ठावीस वर्षांच्या मास्तरकीत माझ्या हातून एक गोष्ट अशी घडली आहे की तिच्यापायी एक बाई अकरा वर्षं आपल्याच घरात गुन्हेगार म्हणून राहिली. ती गाळून बाकीचं लिहिलं तर मी तेव्हा जे केलं तेच पुन्हा केल्यासारखं होईल. तेव्हाही मी लिहिलेला एकेक शब्द खरा होता आणि सगळं मिळून खोटं होतं.

मी रायपूरच्या एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवतो. वडील रेल्वेत होते, वर्ध्याकडून बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. शाळेत हिंदी, घरी मराठी, रागावलो की दोन्हीची खिचडी. सहावीला आठवड्यातून एक तास 'स्वास्थ्य और आहार' असा होता. त्याची परीक्षा नव्हती, म्हणून तो कोणालाच नको होता, म्हणून माझ्याकडे आला. पुस्तकात चौरस आहाराचं एक ताट काढलेलं. डाळ, भात, दूध, अंडं, पालक. पहिल्या तासाला मी ते ताट दाखवलं आणि अर्ध्याहून जास्त वर्गाने हात वर केले. "सर, हमारे में अंडा नहीं चलता." "सर, हमारे यहाँ चौमासे में पालक बंद." "सर, दूध से मेरा पेट फूलता है." ते अख्खं ताट वर्गात एकाच्याही घरचं नव्हतं.

तेव्हा मी कार्ड काढलं. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, मधोमध उभी रेघ. डावीकडे 'तबीयत के कारण नहीं', उजवीकडे 'धरम के कारण नहीं'. प्रत्येक मुलाचं एक कार्ड, मागच्या भिंतीवर टाचणीने लावलेलं. डाव्या रकान्यात काही लिहायचं तर कारण द्यायचं, डॉक्टरची चिठ्ठी आणायची, त्रास झाला तर काय करायचं तेही लिहायचं. उजव्या रकान्याला एकच नियम होता, कारण विचारायचं नाही. घरून जे सांगितलं असेल ते लिहायचं आणि इतरांनी ते मानायचं. मुलं एकमेकांना फार छळतात हो. "एक चिप्स खा ले, कौन देख रहा है," असं म्हणून जैन मुलाच्या तोंडात बटाटा कोंबलेला मी पाहिला होता. त्या मुलाचा चेहरा पाहून मी हा नियम केला. मला त्याचा फार अभिमान होता.

शिवाय प्रत्येकाला एक जोडीदार दिला होता. जोडीदाराने दुसऱ्याचं कार्ड पाठ करायचं आणि डब्याच्या वेळी ते सांभाळायचं. एका मुलाला सिकलसेल होता. म्हणजे रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अंगात पाणी कमी पडलं की त्या जागोजागी अडकतात आणि हाडं असह्य दुखतात. त्याच्या कार्डावर 'हर घंटे पानी' असं लिहिलेलं. त्याचा जोडीदार दप्तरात दुसरी बाटली आणायचा आणि तास बदलला की त्याला कोपराने ढोसायचा, "पी ना बे!" असं वर्षभर. औषधाच्या चिठ्ठीने जे झालं नसतं ते त्या कोपराने केलं.

गुरप्रीत आणि इमरान, दोघेही मटण खाणारे. पण कार्ड लावताना लक्षात आलं की एकाला चालतं ते दुसऱ्याला नाही. वर्ग चक्रावला. महक नावाची एक जैन मुलगी होती, फार काटेकोर. ती उभी राहिली. "सर, दोनों मटन, फिर दोनों का अलग?"

"काटने का तरीका अलग है," इमरान म्हणाला.

"और तू तो आलू भी नहीं खाती," गुरप्रीत तिला म्हणाला, "तू काय को टेंशन ले रही है?"

वर्ग खो खो हसला, महकसुद्धा. असे तास मी नंतर कधी घेतले नाहीत.

आणखी एक किस्सा लौकीचा. लौकी म्हणजे आपली दुधी. आयुष नावाच्या मुलाने उजव्या रकान्यात 'लौकी' लिहिलं. नियम माझाच, मला विचारता येईना. पालकसभेला त्याची आई आली, भिंतीवरचं कार्ड वाचून तिथेच ओरडली, "सर, ये क्या लिख दिया इसने? हमारे घर हफ्ते में चार दिन लौकी बनती है!" हा किस्सा मी स्टाफरूममध्ये कितीदा सांगितला असेन. जिथे कारण विचारायला बंदी, तिथे मूल हवं ते लपवून ठेवतं, हे त्या लौकीने मला आयतं दाखवलं होतं. मी फक्त हसलो.

त्याच वर्षी सहावीत एक मराठी मुलगी आली. तिला इथे मंजिरी म्हणतो, खरं नाव ते नाही. वडील शहराच्या भनपुरी भागात ट्रान्सपोर्टच्या कचेरीत, घरही तिथेच. गणितात एवढी हुशार की मी फळ्यावर बेरीज लिहून वळेपर्यंत हिचं उत्तर तयार. एका शनिवारी कोणीतरी हनुमानाच्या देवळातली बुंदी वाटली. मंजिरीने हात पुढे केला नाही. मी विचारलं, तर खाली मान घालून म्हणाली, "आमच्यात चालत नाही."

"आजोळ कुठलं तुझं?"

"अमरावतीकडचं."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको, पण इथे वाढलेल्यांसाठी सांगतो, महानुभाव पंथाची माणसं इतर देवांचा प्रसाद घेत नाहीत. रायपूरच्या शाळेत हे ओळखणारा मी एकटा. "महानुभाव ना तुम्ही?" मी म्हणालो. मुलीने वर पाहिलं, थोडं थांबली आणि होकारार्थी मान हलवली. मी तिथल्या तिथे वर्गाला पाच मिनिटं महानुभाव पंथ समजावून सांगितला. तिच्या कार्डावर उजव्या रकान्यात मीच लिहिलं, 'प्रसाद नहीं'. पुढे कोणाच्या वाढदिवसाचे पेढे आले, तेही आधी देवापुढे ठेवलेले असायचे, म्हणून मी त्याखाली लिहिलं, 'मिठाई नहीं'. डावा रकाना कोरा होता.

मंजिरीला मधुमेह होता, हे मला फार उशिरा कळलं. मुलांना होतो तो, रोज सुई घ्यावी लागते तो. घरात आजीने ताकीद दिली होती की बाहेर कळता कामा नये, पोरीच्या जातीला हा आजार म्हटल्यावर उद्या लग्नाचं काय? कोणी गोड दिलं तर 'आमच्यात चालत नाही' म्हणायचं. त्या तीन शब्दांना पंथ मी जोडला. तिच्या आईचं माहेर खरंच महानुभाव होतं, त्यामुळे माझं अर्धं ज्ञान अर्धं बरोबर निघालं, आणि तेच घातक ठरलं. त्या पंथाचा यात काडीचाही दोष नाही.

महक तिची जोडीदार होती. मीच जोडी लावली, नियम पाळणाऱ्या दोघी म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका दुपारी मंजिरीची आई स्टाफरूमच्या दाराशी आली. मी वह्या तपासत होतो, आणखी दोघं शिक्षक बसले होते.

"सर, मंजिरीच्या खाण्याचं थोडं बोलायचं होतं."

"या ताई, बसा. मला सगळं माहीत आहे. महानुभाव ना?"

"माहेरचे आहेत सर. पण गोष्ट ते नाही..."

"ताई, तुम्ही संकोच करू नका," मी हात वर करून म्हणालो. "आमच्याकडे धर्माचं कारण कोणालाच विचारत नाहीत. तुमच्या मुलीच्या तोंडात कोणी गोडाचा कण घालणार नाही, ही माझी जबाबदारी." आणि शेजारच्या शिक्षकांकडे वळून हिंदीत म्हणालो, "देखिए, पालक अब खुद आकर कार्ड की बात करते हैं."

त्या बाईने त्या दोघांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पदर नीट केला. "हव सर," एवढंच म्हणाल्या, आणि गेल्या. बसल्यासुद्धा नव्हत्या. मी पुढची वही उघडली.

जानेवारीत इतर शाळांचे मुख्याध्यापक माझा तास बघायला येणार होते. आमच्या कार्डांची चर्चा बाहेर गेली होती. वर्ग छान दिसावा म्हणून मी सकाळी सगळी दप्तरं व्हरांड्यात ठेवायला लावली. बाकांवर फक्त डबे. पाहुणे डबा खाताना मुलं कशी वागतात ते बघणार, म्हणून डब्याची सुट्टी त्यांच्या येण्यापर्यंत थांबवली. अकराला खाणारी मुलं साडेबारापर्यंत झाकण न उघडता बसली. सकाळी सुई घेतलेल्या मुलाने वेळेवर खाल्लं नाही तर रक्तातली साखर उतरत जाते. हात कापतात, घाम फुटतो, डोकं चालेनासं होतं. अशा वेळी चमचाभर साखर तोंडात गेली की मूल दहा मिनिटांत सावरतं. हे मला माहीत होतं, मी विज्ञानाचा शिक्षक होतो. मंजिरीच्या दप्तरात आईने लिमलेटच्या गोळ्या ठेवल्या होत्या. दप्तर व्हरांड्यात होतं.

पाहुणे आले, मागे खुर्च्यांवर बसले. मी कार्डांबद्दल बोलत होतो. तिसऱ्या बाकावर मंजिरी घामाने भिजलेली मला दिसली. घाबरली असेल पाहुण्यांना, असं वाटलं. मग डबे उघडायला सांगितले. तिने स्वतःचा उघडला नाही. बहुधा बोटांत जोर उरला नव्हता. पुढच्या बाकावरच्या मुलाच्या डब्यात पेढा होता, तिने हात लांब करून तो उचलला.

महकने तिचं मनगट धरलं. "अरे, क्या कर रही है? तेरे में नहीं चलता ना!"

मंजिरी काहीतरी पुटपुटली. पुन्हा पेढा तोंडाकडे नेला. महकने तो तिच्या हातातून सोडवून घेतला, प्रेमाने, दुसऱ्या हाताने तिची पाठ थोपटत. "सर ने बोला है ना, हम एक-दूसरे का संभालेंगे."

पाहुण्यांनी ते पाहिलं. मीही पाहिलं. आणि मी म्हणालो, "देखिए, यहाँ बच्चे एक-दूसरे का धरम बचाते हैं."

टाळ्या वाजल्या. पाहुण्यांनी वाजवल्या, मग मुलांनी. टाळ्या चालू असतानाच मंजिरी बाकावरून खाली घसरली. तिला झटके येत होते.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, तेव्हा त्यानंतर वर्गात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण पेढा उचलला तेव्हा ती शुद्धीत होती. दवाखान्यात डॉक्टरने पहिलाच प्रश्न केला, "बच्ची को शुगर तो नहीं है?" मी ठामपणे सांगितलं, "नहीं डॉक्टर साहब. मेरे पास सबके कार्ड हैं." माझ्या शब्दावर ते आधी मिरगीच्या बाजूने बघू लागले. थोड्या वेळाने नर्सने बोटातून रक्ताचा थेंब घेतला, यंत्रावर आकडा आला, आणि डॉक्टरने माझ्याकडे एकदा पाहून घेतलं.

मंजिरी वाचली. पण साखरेविना राहिलेला मेंदू सावरला नाही, ती पूर्वीची परत आली नाही. मी एकदा घरी गेलो होतो, ती पलंगावर बसून सात आणि पाचाची बेरीज बोटांवर करत होती. मध्येच चुकली, पहिल्यापासून सुरू केली.

शाळेने लेखी अहवाल मागितला. मी लिहिला. 'विद्यार्थिनीच्या आजाराविषयी पालकांनी शाळेस लेखी वा तोंडी कोणतीही माहिती दिलेली नव्हती.' ओळ खरी होती. संस्थेने सुटकेचा निःश्वास टाकला.

काही दिवसांनी मंजिरीचे वडील शाळेच्या फाटकाशी थांबलेले दिसले. सायकलस्टँडच्या बाजूला मला घेऊन गेले. "सर, एकच विचारतो. आमची मिसेस म्हणते, ती तुमाले भेटाले आली होती. आली होती काय?"

"आल्या होत्या," मी म्हणालो.

"मंग सांगतलं काहून नाही तिनं?"

मी त्यांच्या चपलांकडे पाहत होतो. "काही सांगितलं नाही हो त्यांनी."

"म्हणजे आली, न तशीच वापस गेली?"

"हो."

"पाह्यलं!" ते स्वतःशीच म्हणाले. "अन् घरी म्हणते, मी सांगाले गेली होती." हात जोडून निघून गेले. मी म्हणालो त्यातही एक शब्द खोटा नव्हता. नोकरीची भीती होती, घराचं कर्ज होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला त्या टाळ्यांची लाज वाटत होती, आणि ती लाज ठेवायला दुसऱ्याचं घर सापडलं होतं.

महक एकदा मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली. "सर, मैंने गलत किया क्या?" मी म्हणालो, "नहीं बेटा, तेरी कोई गलती नहीं." ती उभीच राहिली. गलती मग कोणाची, हे ऐकायला थांबली असावी. मी हजेरी घ्यायला लागलो. त्यानंतर ती डबा एकटीच खायची, भिंतीकडे तोंड करून.

कार्डं मी स्वतः काढली. आता शाळेत सूचना लागलेली आहे की डबा ज्याचा त्याने खावा, वाटू नये, मिठाई आणू नये. कोणाला काय चालतं ते आता कोणालाच माहीत नसतं, आणि कोणाला माहीत करून घ्यायचंही नसतं. नवीन शिक्षक मला म्हणतात, "सर, आपका वो कार्ड वाला आइडिया बढ़िया था, बंद क्यों किया?" मी म्हणतो, वेळ मिळत नाही.

या पावसाळ्यानंतर गोल बाजारात कापडाच्या दुकानात मंजिरीची आई दिसली. अस्तराचं कापड मोजून घेत होत्या. केस पांढरे झालेत. मी पुढे गेलो, नाव सांगावं लागलं नाही.

"कशी आहे मंजिरी?"

"घरीच राह्यते. शिवणकाम करते, हात चांगला आहे तिचा. मापं मलेच घ्या लागते, आकडे तिच्या ध्यानात नाही राहत." त्या कापडवाल्याला म्हणाल्या, "भैया, ढाई मीटर, कम मत काटना." मग माझ्याकडे, "तुमचं बरं चाललं ना?"

मी दुकानाच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या धक्क्यात उभ्याउभ्या सगळं बोललो. तुम्ही सांगायला आला होता, मी बोलू दिलं नाही, अहवालात मी असं लिहिलं, तुमच्या यजमानांना मी असं सांगितलं, मला माफ करा. मी रुमालाने डोळे पुसले. त्यांची नजर कापडवाल्याच्या कात्रीवर होती.

"हे मले काहून सांगून राहिले सर?" त्या म्हणाल्या. "मले तं माहीतच आहे. मीच गेली होती ना. घरी न सांगता, दोन ऑटो बदलून."

कापडवाला घडी घालू लागला, त्या पुढे म्हणाल्या,

"सासूबाईले जाऊन तीन वर्षं झाले. शेवटच्या दिवशीबी म्हणून गेल्या, हिनं तोंड उघडलं असतं तं पोट्टी धड राह्यली असती."

"पण लपवायचं त्यांनीच सांगितलं होतं ना, ताई?"

"हव. पण गेलेल्या माणसाले काय म्हणायचं? अन् आमचे हे काही म्हणत नाही. अकरा वर्षं झाले, काहीच म्हणत नाही. पोरीची सुई स्वतः देतात. माह्या हातात नाही देत."

कापडवाल्याने पिशवी दिली. त्यांनी ती काखेत धरली.

"मी येऊन सांगतो त्यांना," मी म्हणालो. "उद्याच येतो."

"नका येऊ. तुम्ही घरी आले तं ते चहा पाजतील, तुम्ही रडसान, अन् ते म्हणतील, जाऊ द्या सर, झालं ते झालं. असं नाही पाहिजे मले." त्यांनी जरा विचार केला. "मंडळाचा दिवाळी अंक येते आमच्याकडे. तुम्ही लिहिता ना त्याच्यात? आमचे हे पहिल्या पानापासून जाहिरातीपर्यंत वाचतात. त्याच्यात लिहा. जसं शाळेच्या कागदावर लिहिलं होतं, तसंच."

"नाव टाकू?"

"नाव नका टाकू. पोरीचं अजून काही जमून राहिलं तं..." वाक्य अर्धंच ठेवून त्या म्हणाल्या, "त्याईले समजते बरोबर."

आणि गर्दीत निघून गेल्या. माफ केलं, नाही केलं, काही बोलल्या नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही.

म्हणून हे लिहिलं. संपादकांनी मागितलेल्या गमती फार थोड्या आल्या, त्याबद्दल त्यांनी राग मानू नये. हा अंक भनपुरीच्या एका घरी पोचेल, तिथे एक गृहस्थ तो वाचत इथपर्यंत येतील. शेवटच्या ओळी फक्त त्यांच्यासाठी आहेत.

भाऊ, शाळेच्या फाटकाशी तुम्ही मला विचारलं होतं, ती आली होती काय. आल्या होत्या. तुमच्या मुलीचा आजार सांगायलाच आल्या होत्या, आणि सांगायला सुरुवातही केली होती. त्यांना गप्प मी केलं.

सुई त्यांच्या हातात द्या.